म्यूटवरचा मुबीन

मुबीन गेला, त्याच्या आधीचे सलग तीन रविवार आम्ही त्याला खुनी ठरवलं होतं.

आज वर्ष झालं.

सकाळपासून जे त्याच्या फोटोखाली "हसतमुख मित्र हरपला" लिहून हात जोडलेले इमोजी टाकतायत, त्यांना आधी एक सांगते. मुबीन हसतमुख वगैरे अजिबात नव्हता. भांडकुदळ होता. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा कोमट आला म्हणून काउंटरवर जाऊन वीस मिनिटं वाद घालणारा माणूस. मेला म्हणून त्याला गुळगुळीत करू नका.

खुनी म्हणजे गेममधला. ज्यांनी असला गेम खेळला नाही त्यांच्यासाठी: सगळे आपापल्या घरी, आपापल्या फोनवर. एकाला गुपचूप खुन्याचा रोल मिळतो. तो स्क्रीनवरच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरत एकेकाला मारत सुटतो. बाकीचे मीटिंग घेऊन भांडतात आणि ज्याच्यावर संशय, त्याला वोट करून बाहेर काढतात.

बस्स, एवढाच गेम.

आम्ही सहा जण, खारघरच्या एकाच कॉलेजातले. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोरं झाली, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त हॅपी बर्थडे उरलं. एकमेकांना खरं काही सांगायला कुणाला वेळ नव्हता. पण रविवारी दुपारी चार वाजता खोटं बोलायला सगळे हजर!

नवरा विचारायचा, "एवढं काय आहे गं त्या गेममध्ये?"

अरे, तिशी उलटल्यावर कुणाला "तू एक नंबरचा खोटारडा आहेस" असं ओरडून सांगता येतं का? ऑफिसात नाही, सासरी तर नाहीच. इथे यायचं. आणि समोरचा तेवढ्याच जोरात उलट ओरडायचा. आठवडाभर मी त्याची वाट बघायचे.

सगळ्यात मोठा आवाज मुबीनचा.

"अम्मीची शपथ, मी किचनमध्ये होतो! प्राची फेकतेय. फर्स्ट इयरपासून वळखतो मी तिला!" प्राची म्हणजे मी.

आमचा एक नियम होता, सागरने काढलेला. मीटिंगमध्ये जो गप्प, तो खुनी. बहुतेक वेळा बरोबर निघायचा, म्हणून आम्ही डोकं चालवणंच सोडून दिलं होतं.

आणि मग मुबीन गप्प झाला.

माइक म्यूट. नुसतं टाइप करायचा, "मी नाय."

सागरने विचारलं, "म्यूट का रे?"

"घरी पाहुणे हायेत." नियमाप्रमाणे वोट त्यालाच गेले.

पुढच्या रविवारीही पाहुणे. सागर म्हणाला, "तुझे पाहुणे काय भाड्याने राहतात का? काढा रे याला." आम्ही हसत हसत काढला.

तिसऱ्या रविवारी खुनी मी होते.

सागरला मीच मारलं होतं. मीटिंग लागली आणि मी पहिलं वाक्य बोलले, "म्यूटवर कोण आहे बघा जरा."

चार वोट मुबीनला. एकच वोट मला, तो मुबीनचा. त्याने बरोबर ओळखलं होतं.

मी जिंकले. स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला. वर हसून लोळणारे तीन इमोजी.

गुरुवारी सकाळी त्याच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. आम्ही सगळे तिला आपाच म्हणतो.

"प्राची, मुबीन गेला गं."

करंजाडेला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच्या पलंगाशेजारी चाकांवरचं ऑक्सिजनचं मशीन होतं. फुप्फुसं कामातून गेली होती. चार महिने घरीच होता. आम्हाला सांगितलं होतं, वर्क फ्रॉम होम घेतलंय.

आपा म्हणाली, "शेवटचे तीन आठवडे मशीन सारखं लागायचं. चालू केलं की घरघर होते ना. तुमाला ऐकू जाईल म्हणून म्यूट करायचा."

पाहुणे कुणीच नव्हते.

तिथे बसलेले त्यांचे एक चाचा बोलले, "दिवसभर मोबाईल. मोबाईलनेच खाल्लं पोराला."

माझं डोकं फिरलं. पण माझ्या आधी आपाच बोलली.

"चाचा, रविवारचे दोन तास त्याला कोणी पेशंट समजत नव्हतं. आमी सगळे घरात त्याच्याशी हळू आवाजात बोलायचो. ही पोरं भांडायची. बाहेर काढला की हसायचा, मग खोकत बसायचा. मी बघितलंय."

हे मी ग्रुपवर सांगितलं आणि सागरने तेवढंच पकडून ठेवलं. वर्षभर ऐकतेय: "बघ ना, त्याला तेच पायजे होतं. आपण नकळत बरंच केलं." परवा तर मेसेज आला, "रविवारी परत चालू करूया का? मुबीनच्या आठवणीत?"

नाही, सागर.

आपण काहीही बरं केलेलं नाही. त्याने आपल्याकडून जे घेतलं ते त्याने स्वतः घेतलं, आपण दिलेलं नव्हतं. आपण अजून खारघरलाच, तिथून करंजाडे किती लांब आहे रे? रिक्षाने अर्धा तास. चार महिन्यांत पाच जणांपैकी एकानेही त्याच्या दाराची बेल वाजवली नाही.

बोलताना कुणी जरा अडखळलं तरी लगेच पकडणारी आपण माणसं. आपल्यातला सगळ्यात मोठा आवाज तीन आठवडे बंद होता, आणि आपल्याला एकच शंका आली. त्यात सगळ्यात पुढे मी.

आणि मुबीन, तूही सुटणार नाहीस.

तुला दया नको होती, मान्य. कुणी हळू आवाजात बोललेलं नको होतं, तेही मान्य. पण मला एकदा तुझ्यासाठी घाबरू द्यायचं होतंस. मी आले असते, तुझ्या उशाशी बसून तुझ्याशी कचाकचा भांडले असते. एवढी मैत्रीण तर होते ना मी तुझी?

वर्ष झालं, माझा राग उतरलेला नाही.

खुदा हाफिज, मुबीन.