तोंडात टाचण्या

मामा शिंपी होता आणि आपल्या हाताचा त्याला अभिमान होता. दुकानाच्या माडीवर एक नाटकमंडळी तालीम करायची. जगाने ज्यांना धड मुलांत बसवलं नाही, धड मुलींत बसवलं नाही, किंवा ज्यांचं मन आपल्यासारख्यावरच जडलं, अशी ती तरणी पोरं. स्वतःच्या घरातली भांडणं ती स्वतःच लिहायची, स्वतःच करायची. त्यांचे कपडे मामाकडे.

त्यातच त्याची भाची. जन्मली भाचा म्हणून. दोन वर्षांपूर्वी तिने मामाला खरं सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मापं नव्याने घ्यायची."

तिच्या आईला मात्र ते पचलं नाही. तेव्हापासून अबोला. प्रयोगाला ती आली, तीही भावाला दम देऊन.

"तुझ्या हट्टापायी आलेय. नाही बघवलं तर उठून जाईन. मग ताई-ताई करत मागे यायचं नाही."

निळ्या झग्यासाठी मामा पंधरा दिवस खपला होता. पण माप घेताना भाचीच्या पायात उंच टाचांचे बूट होते, आणि ऐन प्रयोगात एक टाच मोडली. ती अनवाणीच रंगमंचावर गेली. झगा चार बोटं लोळू लागला. ती दोनदा अडखळली आणि तिसऱ्या रांगेत आई उठून उभी राहिली.

लोळता घेर पाहून विंगेत उभ्या मामाला राहवेना. तोंडात टाचण्या धरून तो तसाच रंगमंचावर गेला आणि भाचीच्या पायाशी मांडी ठोकून बसला.

भाची क्षणभर गांगरली. मग त्यालाच नाटकातली आई करून म्हणाली, "आई, दोन वर्षं झाली. बोलणार नाहीस?"

"हंम्." टाचण्यांतून दुसरं काय निघणार?

"एवढी रागावलीस?"

"हंम्, हंम्."

लोक हसून बेजार.

"त्याला काय विचारतेस? मी मेलेय का?" आई तरातरा वर चढली. "आणि तू रे, मागचा घेर कोण बघणार? आण इकडे टाचण्या!"

ती खाली बसली. भाची वळून तिच्याकडे बघू लागली.

"हलू नकोस," आई म्हणाली. "टोचेल तुला."

प्रयोग पुढे अर्धा तास चालला. आई काही उतरली नाही. झग्याचं टोक धरून लेकीच्या मागे मागे फिरली आणि दर चार पावलांनी भावाला सगळ्यांदेखत ऐकवत राहिली, की टाका तिरका आहे.