आधी आपण चुकावं

इंग्रजी बोलायची वेळ आली की चांथा तोंडावर हात धरायची. कंबोडियातल्या एका खेड्यात मी स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला गेले होते, आणि ती माझ्या वर्गातली तिशीची बाई. तिला जवळच्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी हवी होती. इंग्रजी तिला बऱ्यापैकी येत होतं, पण हाताआडून आलेलं बोलणं समोर उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत नसे.

"घाबरू नका," असं रोज सांगून मी थकले. शेवटी एक दिवस पुस्तक मिटलं आणि त्यांच्या ख्मेर भाषेत माझी ओळख करून द्यायला लागले. सगळा वर्ग खो खो हसला. एक उच्चार तर काही केल्या जमेना. चांथा उठून पुढे आली. ओठ कसे गोल करायचे ते दाखवायला तिला हात खाली घ्यावाच लागला.

"अगेन, टीचर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. मी पुन्हा चुकले. "अगेन!"

परक्या भाषेत तोंड उघडायचं म्हणजे भरल्या वयात पुन्हा लहान व्हायचं. ते आधी आपण व्हावं, मग दुसऱ्याला सांगावं. पहिल्यांदाच शिकवायला निघालेल्यांना मी एवढंच सांगते.

चांथा मुलाखतीला गेली. नोकरी मिळाली नाही. आता ती वर्गाला येते की नाही, याची मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "टीचर, देअर इज अनदर हॉटेल."