खोबरेलावर ब्रोमीन

"हिने तेल चोरलं आणि बाटलीत पॅराफिन भरलं."

हे सर बोलले. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. मुलं ओट्यापाशी उभी, डिचोलीहून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर, आणि मी मोरीपाशी, हातात नळ्या घासायचा ब्रश. सगळ्यांच्या परखनळ्यांत ब्रोमीनचा तांबूस रंग तसाच राहिला होता. तो जायला हवा होता. बाईंनी विचारलं, "नमुन्यात काही गडबड आहे का?" सरांनी लगेच माझ्याकडे बोट केलं.

"पिशवी उघड."

उघडली. छत्री, रुमाल, डबा.

"डबा पण उघड."

डब्यात पाव आणि वाटाण्याची भाजी होती. सरांनी पेन्सिलीच्या टोकाने पाव उचलून खाली बघितलं. माझा पाव. पेन्सिलीने. एक मुलगी खुदकन हसली आणि मग तिलाच कसंतरी झालं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. ती काही दुभंगली नाही. मी डबा बंद केला आणि पुन्हा नळ्या घासायला लागले, कारण पुढची तुकडी यायची होती.

मी गोव्यातल्या पार्से गावची. बारावी सायन्स, पहिला वर्ग. पुढे शिकायचं होतं, जमलं नाही, त्याची रड आता नको. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस लागले, कंत्राटावर. दर जूनला नवा कागद, आणि त्या कागदाला सरांची शिफारस लागते. हा सर म्हणजे आमच्या भाटकाराचा, जमीनमालकाचा मुलगा. आमचं घर त्यांच्या भाटात, म्हणजे बागेत, माडांच्या मधोमध. आजोबांनी बांधलेलं. भिंती आमच्या, जमीन त्यांची. आम्ही त्यांचे मुंडकार. म्हणून आई अजून त्यांचे नारळ सोलते, खोबरं वाळवते, आणि हाक आली की मीही जाते. शाळेत तो सर, घराकडे बाब, मालक. एकाकडून सुटावं म्हटलं तर दुसरा वाट अडवून उभा, आणि दोघे एकच. इथे त्याला अहोजाहो करत नाहीये, त्याचा राग मानू नका. जन्मभर केलं.

अकरा वर्षं मी मोरीपाशी उभी राहून अल्कीन ऐकलं. दरवर्षी तेच. दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरून असतात. ब्रोमीन आला की ते एकेक हात सोडतात आणि त्या हाताने ब्रोमीनला धरतात. ब्रोमीन अडकला की त्याचा रंग जातो. रंग गेला म्हणजे दुहेरी बंध होता. शेंगदाण्याच्या तेलात तो असतो, पॅराफिनात नसतो. एवढं सोपं आहे ते, आणि हा माणूस ते तासभर इंग्रजीत सांगायचा. मुलं नंतर मोरीपाशी येऊन मला विचारायची, ताई, म्हणजे काय? मी सांगायचे. हळू आवाजात, चोरी केल्यासारखं.

त्यात एक नियम येतो. अल्कीनला हायड्रोजन ब्रोमाइड जोडताना हायड्रोजन कुठल्या कार्बनवर बसतो? ज्याच्याकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्याच्यावर. हा शिकवताना सर दरवर्षी म्हणायचा, "ज्याच्याकडे भाट, त्यालाच आणखी भाट." वर्ग हसायचा. दरवर्षी तो माझ्याकडे बघून हसायचा. आणि खरं सांगते, मीही हसायचे. त्याची चीड मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त येते.

परीक्षेच्या सकाळी शेंगदाणा तेलाची बाटली संपलेली निघाली. मी म्हटलं, दुकानातून आणते. सर म्हणाला, कशाला, आणि गाडीतून घरची बाटली काढली. स्वतःच्या माडांचं, स्वतःच्या घाण्यावर काढलेलं खोबरेल. परीक्षक बाईंसमोर मिरवायचं होतं. ते खोबरं माझ्या आईने वाळवलेलं.

मी म्हटलं, "सर, खोबरेलात दुहेरी बंध नावालाच असतात. दोन-चार थेंबांचा रंग जाईल, पुढचा तसाच राहील."

"तुला कोणी विचारलं? तू नळ्या धू."

धुतल्या. पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद. "नमुन्याचे तेल मी स्वतःच्या वापरासाठी काढून घेतले व त्याजागी द्रव पॅराफिन भरले. चुकीबद्दल क्षमा असावी." खाली माझं नाव, वर सहीची जागा. सर खिडकीपाशी उभा होता.

मी म्हटलं, "बाटली कुठे आहे?"

बाटली कपाटात होती. प्राचार्यांनी नाकाला लावली. "वास तर खोबरेलाचा आहे."

सर म्हणाला, "वास राहतोच बाटलीला."

मग मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करील. दोन नळ्या घेतल्या. एकीत बाटलीतलं तेल, दुसरीत प्रयोगशाळेतलं पॅराफिन. दोन्ही स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघं थांबलो. बाहेर काढल्या तर एक नळी पांढरी, घट्ट गोठलेली. दुसरी पाण्यासारखी पातळ. खोबरेल गारठ्यात गोठतं हे शेंबडं पोर सांगेल. का गोठतं ते मी सांगितलं. दुहेरी बंध असला की तेलाची साखळी वाकते, वाकड्या साखळ्या नीट रचून बसत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं. खोबरेलाच्या साखळ्या बहुतेक सरळ. म्हणून ते गोठतं, आणि म्हणूनच ब्रोमीनचा रंग जात नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी हे मोठ्या आवाजात बोलले.

प्राचार्यांनी नळी उलटी करून बघितली. तेल खाली आलं नाही. मला वाटलं, सुटले.

ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण बोर्डाला काहीतरी कळवावं लागणार. सरांचं नाव जाऊन कसं चालेल? सही कर, जूनचा कागद मी बघतो."

ऐकलंत? बरोबर आहे तुझं, पण सही कर! मला तोपर्यंत वाटायचं, यांना कळत नाही म्हणून हे असं वागतात. दाखवून दिलं की थांबतील. त्यांना सगळं कळत होतं. नळी हातात धरून ते मला चोर व्हायला सांगत होते.

सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "घर कोणाच्या भाटात आहे ते आईला विचारून ये. मग ठरव."

मी घाबरले. खोटं कशाला बोलू. आई डोळ्यांसमोर आली, तिचा गुडघा, आमची चूल. पेन उचललंसुद्धा होतं. मग त्या कागदावरचं माझं नाव पुन्हा वाचलं, आणि पेन ठेवलं.

"मी चोरी केली नाही. सही करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"हे लिहून द्या. कारणासकट."

कोणी लिहून दिलं नाही. मी निघाले.

आई म्हणाली, "सही करून टाक गो बाय. एक कागद तो. भाटकाराक काय वाटात?"

मी म्हटलं, "माका काय वाटला ता कोण बघतला, आये?"

ती रडली. मीही रडले. मग मी तिच्या पेटीतून आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या काढल्या. मुंडकाराला कायद्याने आपलं घर स्वतःच्या नावावर नोंदवून घेता येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात त्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. भाटकाराला वाईट वाटेल म्हणून. तीन पिढ्या.

आज पेडण्याला मामलेदार कचेरीत अर्ज दिला. सही आईने केली. पोचपावती माझ्याकडे आहे. बोर्डालाही मी पत्र पाठवलंय, कुठलं तेल होतं, कोणी आणलं, मी आधी काय सांगितलं होतं, सगळं. खाली माझं पूर्ण नाव.

नोकरी गेली. घराचं काय होईल माहीत नाही. त्याने माणसं पाठवली तर मी उंबऱ्यावर बसेन. कोर्टात ओढलं तर कोर्टात उभी राहीन. घर सोडणार नाही, आणि न केलेली चोरी कबूल करणार नाही.