माझ्या नावावरचं टॉनिक

गेल्या शनिवारी मलकापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. "गेलो" म्हणजे या वेळी नवराही सोबत होता... लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्याची तपासणी पहिल्यांदा झाली. माझ्या तपासण्या, गोळ्या, उपास, नवस सगळं केव्हाच करून झालंय.

रिपोर्टमध्ये शुक्राणू जवळपास नव्हतेच. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, त्याच्या दंडांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "जिममध्ये इंजेक्शनं घेता का?"

तो खाली बघायला लागला. मला घरी प्रोटीन म्हणून सांगितलं होतं!

मी बारावीला बायॉलॉजी शिकवते. मागच्या बाकांवरची खुसखुस ऐकत हा धडा दरवर्षी शिकवते. मेंदूतून हार्मोनचा निरोप खाली वृषणांकडे जातो, मग तिथल्या सर्टोली पेशी वाढत्या शुक्राणूंना जवळ धरतात, खाऊपिऊ घालतात, मोठं करतात. बाहेरून पुरुषी हार्मोन टोचलं की मेंदूला वाटतं, आहे की भरपूर... आणि तो निरोप धाडणंच बंद करतो. त्या पेशी हात बांधून बसतात, शुक्राणू अर्ध्यातच थांबतात.

म्हणजे मर्द दिसायला घेतलेल्या सुईनेच सगळं बंद पाडलं होतं. आणि वांझ मी.

डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शनं आजपासून बंद. काही महिने लागतील, बहुतेकांचं पुन्हा सुरळीत होतं, पण खात्री देता येत नाही. मला वाटलं, चला, आता तरी माझ्यावरचा ठपका जाईल...

तर हा म्हणतो, "बंद करतो न मॅडम. पन हिच्या नावावर एखादं टॉनिक लिहून द्या. घरी दाखवाले काहीतरी पाह्यजे."

"औषध पेशंटला देतात," डॉक्टर म्हणाल्या. "पेशंट तुम्ही आहात."

देव त्या बाईचं भलं करो. पण नवऱ्याने स्टेशनजवळच्या मेडिकलमधून स्वतःच लाल टॉनिकची बाटली घेतली. धामणगावला घरी पोचल्यावर ती आईच्या हातात दिली, "डॉक्टरनं हिच्यासाठी देलं."

सासूबाई लगेच चमचा घेऊन आल्या. मायेने आल्या, तेच जास्त लागलं. "घे बाई, होते आता सारं चांगलं."

मी चमचा बाजूला केला आणि सगळं सांगून टाकलं. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. खोटं आहे, असं काही म्हणाला नाही.

सासूबाई उठल्या आणि दार लोटून आल्या. "हे बाहेर कोठी बोलू नको. पोराची इज्जत जाईन."

माझी जात होती तेव्हा हेच दार सताड उघडं असायचं...

मग चमचा पुन्हा माझ्यापुढे आला. "आता बाटली आनलीच हाये तं पिऊन घे. लोकाईले काय सांगाव, मंग?"

बाटली तशीच पडून आहे. नवरा जिमला जातो. इंजेक्शन बंद केलंय म्हणतो, पण आरशासमोर दंड न्याहाळताना त्याचा चेहरा बघितला की माझा विश्वास बसत नाही.

या फ्रेंडलिस्टमध्ये सासरचे बरेच जण आहात. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला "काही गुड न्यूज?" म्हणून मला आठवणीने विचारलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

इथून पुढे त्याला विचारा.