अण्णा मोठ्यानं वाचतात

आमच्या अण्णांना मनात वाचता येत नाही. पावसाळ्यात, वर्षावासाचे तिन्ही महिने भोंगवलीच्या बुद्धविहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन माझ्या या वडिलांकडेच असतं, त्यामुळे छापलेलं काहीही हातात आलं की त्यांचा आवाज आपोआप चढतो. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ते अख्ख्या आळीला ऐकवतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी ते पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं. दुसरा मार्गच सुचेना.

भोरच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका मुलाशी मला लग्न करायचं होतं. तो पुण्याचा, ख्रिस्ती. घरी सांगायला तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बोलून बसायची. मग त्याच्याच घरचं एक पुस्तक मी मागून आणलं. एका बाईनं स्वतःच लिहिलेली हकिकत होती, तिच्या प्रेमाची आणि ख्रिस्तावरच्या श्रद्धेच्या शोधाची. वाटलं, अण्णा वाचतील, जरा विरघळतील, मग मी हळूच विषय काढीन. कसलं काय! वर्षावास नुकताच संपलेला, गळ्याला काम नव्हतं. अण्णांनी ओट्यावर चटई टाकली, चष्मा पुसला आणि विहारातल्या सुरात पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"त्यानं माझा हात हातात घेतला..." हे आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी कधी होते याची वाट बघत बसले.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारी राहणारी चुलती सुपात तांदूळ घेऊन निवडायला आली, आणि मग हळूहळू ओट्यावर जागा मिळेना. पुस्तकातली बाई आधी केवळ तिच्या आवडत्या ख्रिस्ती माणसासाठी चर्चमध्ये जाते, मग स्वतःचीच लाज वाटून उठून येते, त्याच्यापासून लांब राहते आणि एकटीच शोधत राहते. चुलती तिच्यावर भडकायची. "आगं, मानूस चांगला हाय, देवाचं मागनं बघ की!"

अण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "थांबा जरा. इचार करतीया ती."

मला तर त्या बाईचा रागच यायचा. लवकर काय ते ठरव गं बाई, तुझ्यापायी माझं लग्न अडलंय.

एके दिवशी ती अखेर प्रार्थनेला गुडघे टेकते. कुणाच्या सांगण्यावरून नाही, त्या माणसासाठीही नाही. अण्णा वाचता वाचता थांबले. मी दारात येऊन उभी राहिले.

"माज्या आज्यानं बी असंच केलं," ते म्हणाले. "लोकं म्हनायची, कुनीतरी फितवलं. कुनी न्हाई फितवलं. त्येनं इचार केला, मग धम्म घेतला. ह्या बाईनं तिचा धर्म शोधला. उसना न्हाई घेतला."

मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "पुस्तक कुनाचं हाय?"

"शाळेतल्या सरांचं."

"ते तुला धर्म बदलाय सांगत्यात?"

"न्हाई. लग्नानंतर बी न्हाई सांगनार."

बोलून गेले मात्र, आणि चुलतीच्या सुपातले तांदूळ हलायचे थांबले. एवढे दिवस मनात अडकलेलं एका दमात बाहेर पडलं होतं. भीती वाटण्याऐवजी मला एकदम हलकं वाटलं.

अण्णांनी पुस्तक मिटलं. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. "हे त्येनं वाचायचं. हितं बसून, मोठ्यानं. रविवारी बोलव."

"रविवारी सकाळी त्याला चर्च असतं."

"मग दुपारी बोलव."

रविवारी त्याला आणायला मी स्कूटीवरून सारोळ्याला, हायवेवरच्या बसथांब्यावर गेले. एरवी वर्गात पोरांवर गरजणारा हा माणूस ओट्यावर बसला आणि चक्क पुटपुटायला लागला. चुलती खेकसली, "आरं, खाल्लं न्हाईस का काय? मोठ्यानं!"

त्यानं घसा खाकरला आणि आवाज लावला. पुस्तकातली बाई परत त्या माणसाच्या दारी येते. आता तिची श्रद्धा तिची स्वतःची आहे. तो माणूस तिला विचारतो, "माझ्याशी लग्न करशील?" हे वाक्य वाचताना आमच्या सरांची नजर पुस्तकावर नव्हती, माझ्यावर होती. उत्तर पुढच्या पानावर होतं.

मला कुठला धीर!

"व्हय!" मी ओरडले. शेवटी मुलगी अण्णांचीच. आवाज विहारापर्यंत गेला असणार.

ओट्यावर हशा उसळला. अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा चढवला आणि त्याच्याकडे वळले.

"उलटा पान, जावईबापू. ती बाई काय म्हनती, ते बी ऐकू."