आमेन म्हणेपर्यंत
शिजत्या भाताचा वास आला की मला मोहाडीजवळचं ते शेतकऱ्याचं घर आठवतं. आठवीत शाळा सोडून मी नेपाळहून प्रभूची वार्ता सांगायला आलो होतो. दारोदार फिरून पाय सुजले होते आणि उद्या गावी परत जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. दिवसभर चिखलात भाताची रोपं लावून, रोवणीवरून दमून आलेल्या त्या घरच्यांनी मला जेवायला बसवलं. ‘आमेन म्हणेपर्यंत घास घ्यायचा नाही,’ असं सांगून मी प्रार्थनेला डोळे मिटले आणि बसल्या बसल्या झोपी गेलो. जाग आली तेव्हा सगळे उपाशीच, हात जोडून बसलेले. आता हाकलतील म्हणून मी धास्तावलो. घरातल्या काकू हळूच म्हणाल्या, “बाबू, तुह्या देवाले सांग, भात थंडा होऊन राहिला.” मग त्यांनी माझ्यापुरता भात पुन्हा गरम केला आणि स्वतः थंडच खाल्ला. मी गेलो नाही. अजून इथंच आहे. दमतो तेवढाच, पण जेवणाआधीची प्रार्थना आखूड करतो.