पेठेचा पाय

संग्राम टेबलावर पालथा झोपला होता. त्याच्या डाव्या मांडीच्या मागे चार बोटांचे निळे ठसे उठले होते. माझी बोटं एवढी जाड नाहीत.

संग्राम मंगळवार पेठेतल्या एका फुटबॉल टीमचा डिफेंडर, दिवसा टू-व्हीलर शोरूममध्ये नोकरीला. मी फिजिओथेरपिस्ट. तीन आठवडे मी त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, अंगठ्याने खोल दाबून मोकळी करत होते. दरवेळी तो उठताना म्हणायचा, "मॅडम, एकदम हलकं वाटतंय." आणि दोन दिवसांनी पुन्हा लंगडत हजर. मी आपल्या हातगुणावर खूश होते, त्यामुळे तो परत का येतो हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"रविवारी सेमी हाय," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "गेला सीझन सगळा बाकड्यावर काढलाय. आता न्हाय खेळलो तर कोच दुसरा डिफेंडर बघणार."

"ते बघू. आधी सांग, या पायाला आणखी कोण हात लावतंय?"

"कोण न्हाय की."

"संग्राम."

"तालमीतलं अण्णा सकाळी रगडा देत्यात. थोडाच."

"आणि?"

"आत्या तेल चोळती. आन् शोरूमचं मालक जेवणाच्या सुट्टीत मसाज गन लावत्यात. नवीन घेतलीया त्यांनी."

"कुणालाच नको म्हणत नाहीस?"

"नको कसं म्हणायचं? पेठंचा पाय हाय मॅडम."

मला हसू आलं. मग ठशांशेजारी एक गोल काळा डाग दिसला. त्यावर मी अंगठा ठेवून पाहिला. बरोब्बर बसला. हसू तिथंच विरलं आणि खरं सांगायचं तर लाज वाटली.

दुखरा स्नायू दाबला की बरं वाटतं, हे खोटं नाही. पण ते काही तासांचं. त्याने स्नायूत ताकद येत नाही. आणि रोज चार जणांनी दाबला तर धडधाकट स्नायूसुद्धा ठणकेल. संग्रामची मूळ दुखापत बहुधा केव्हाच भरली होती. उरलं होतं ते आम्हा चौघांचं काम.

खात्रीसाठी त्याला उताणं झोपवून एका पायावर कंबर उचलायला लावली. उजव्यावर पंधरा वेळा जमलं, डाव्यावर सहा. मग दहा मिनिटं हलका मसाज केला आणि पुन्हा मोजलं. सहाच.

"पण हलकं वाटतंय," तो म्हणाला.

"वाटू दे. रविवारी वाटण्यावर पळायचं नाही."

तो सोमवार होता. रविवारपर्यंत पायाला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही, असं ठरवलं. दुखणार नाही इतपत व्यायाम दिला आणि रोज थोडा वाढवला.

दुसऱ्याच दिवशी अण्णा क्लिनिकमध्ये आले. खुर्चीत बसलेच नाहीत.

"बाई, रगडा बंद केला तर पोराचा पाय सुकंल."

"मी पण थांबलेय अण्णा."

"तुमी थांबा की. तुमचा हात हलकाच हाय."

मी काळ्या डागाची गोष्ट सांगितली. अण्णांनी माझ्या अंगठ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "पर जिकला तर माझा रगडा, हारला तर तुमचा येयाम."

"चालेल."

शुक्रवारी डाव्या पायावर बारा झाले. शनिवारी तो पळाला, गर्रकन वळला, थांबला, पुन्हा पळाला. मी कोचला फोन केला, "खेळू दे. मांडी धरल्यासारखी वाटली तर लगेच बाहेर काढा." रविवारी मी मॅचला गेले नाही. घरी भाजी निवडत बसले, आणि एकच जुडी दोनदा निवडली.

एक-शून्यने जिंकले. संग्राम शेवटपर्यंत मैदानात होता. पेठेत अण्णांच्या रगड्याचा जयजयकार झाला, तोही ठरल्याप्रमाणेच.

मसाज घ्यावा का, असं लोक मला विचारतात. घ्या की, बरं वाटतं. फक्त उठल्यावर काय जमतं ते मोजा, आणि मसाज करणाऱ्यांचीही एकदा मोजदाद करा.

सोमवारी संग्राम आला. चाल सरळ होती, तोंड मात्र वाकडं.

"पाय?"

"पाय झकास. पाठ बघा जरा."

त्याने शर्ट वर केला. शाबासकीच्या थापांनी पाठ लालभडक झाली होती. मधोमध चार जाड बोटं अगदी ओळखीची होती.

मी त्याला बर्फाची पिशवी दिली आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.